कोळशाला रूळ, माणसाला धूळ !

नागपूरच्या उत्तरेस सहा-सात कोसांवर, कन्हान आणि कोलार या नद्यांच्या आसऱ्याने वसलेले खापरखेडा हे गाव तेथील औष्णिक वीज केंद्रामुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाले आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच तेथे आहेत. सर्वांची मिळून शक्ती १३४० मेगावॅट होते. या संचांच्या पोटात जो कोळसा जातो तो आसपासच्या भुईतूनही निघतो. कन्हानचे पाणी नागपूरकरांच्या नळास जाते, नदीची रेती नागपूरच्या माड्यांस लागते, सावनेर-पाटणसावंगीकडची संत्री, भाजी आणि दूध नागपूरच्या बाजारात उतरते. त्या माड्या बांधणारा गवंडी, त्यांची दारे घडविणारा सुतार, त्यांत भांडी घासणारी बाई आणि त्यांच्या फाटकाशी रात्रभर जागणारा रखवालदार, हेही बहुत करून याच बाजूच्या गावांतून येतात. सारांश, नागपूरच्या अंगावरील जी कांती आहे तिच्यात खापरखेड्याच्या मुलुखाचा घाम आहे.

आता या देण्याच्या बदल्यात घेणे काय, ते पाहू. वीज नागपूरकडे गेली, राख वारेगावकडे आणि नांदगावकडे राहिली. कोळशास आणावयाचे तर त्यास थेट केंद्राच्या पोटापर्यंत लोखंडी रूळ घातलेले आहेत. कोळशाची वाघीण उशिरा आली तर मोठमोठ्या कचेऱ्यांतील तारा खणखणू लागतात. पण माणसास नागपुरास जावयाचे झाले म्हणजे त्याने रस्त्याच्या कडेस धुळीत उभे राहावे, कोळशाच्या ट्रकांकडे पाहात तोंडास फडके लावावे, आणि बस आली तर बस, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यासारखी भरलेली काळीपिवळी गाठावी. कोळसा वेळेवर पोहोचलाच पाहिजे, माणूस पोहोचला तर पोहोचला ! निर्जीव दगडाची जेवढी काळजी, तेवढी सजीव माणसाची नसावी, हा कोठला न्याय ?

शहरात मोटारींची गर्दी फार झाली, हवा बिघडली, चालावयास जागा उरली नाही, अशी ओरड अलीकडे शहाण्या मंडळींच्या सभांतून ऐकू येते. ती ओरड खरी आहे. परंतु या प्रश्नाकडे नागपूरच्या खिडकीतून पाहणे निराळे आणि खापरखेड्याच्या बसथांब्यावरून पाहणे निराळे. शहरवासी म्हणतो, मोटारी उभ्या करावयास जागा नाही. आम्ही विचारतो, ज्या घरी मोटार नाही त्या घराच्या माणसास उभे राहावयास तरी जागा आहे काय? आमच्या मते शहराच्या वाहतुकीचा प्रश्न हा प्रथम पैशाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे. पैसा सर्वांचा, रस्ता मूठभरांचा, अशी जी व्यवस्था आज चालू आहे ती मोडल्याशिवाय गर्दीही हटणार नाही आणि धूरही हटणार नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेविले, त्यातील मुख्य तक्रार काय होती ? ती ही की, सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि तिच्यातील विद्येचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. शेतकऱ्यापासून रस्त्यांच्या आणि शाळांच्या नावाने जो लोकल फंड वसूल होई, त्यातून शेतकऱ्याच्या पदरी काय पडते, हाही त्यांचा सवाल होता. त्या गोष्टीस आता १४० वर्षे उलटून गेली. इंग्रज गेला, राज्य आपले झाले, मते देण्याचा हक्क प्रत्येकास मिळाला. पण जोतीरावांचा तो जुना सवाल रस्त्यावर उभा राहून विचारला तर त्यास आजही सरळ उत्तर मिळत नाही.

पेट्रोल आणि डिझेल यांच्या प्रत्येक लिटरवर केंद्र सरकार रस्ते व पायाभूत सुविधा यांच्या नावाने उपकर घेते. हा उपकर मोटारवाल्यावर आहे, तसाच तो फटफटीवरून गवंडीकामास जाणाऱ्यावर आहे. आणि शेतात नांगर ओढणाऱ्या, ज्याचे चाक महामार्गास क्वचितच लागते अशा ट्रॅक्टरच्या डिझेलवरही आहे. काडेपेटीपासून चपलेपर्यंत जो माल गरीब विकत घेतो, त्याच्या वाहतुकीच्या खर्चातही तो मिसळलेला आहे. म्हणजे देणारे सर्व. आता घेणारे किती ते पाहा. २०११ च्या जनगणनेत सबंध देशात १०० घरांपैकी पुरती ५ घरेसुद्धा मोटार बाळगणारी निघाली नाहीत. सायकल मात्र ४५ घरी निघाली. पुढे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत मोटारीच्या घरांचे प्रमाण शंभरात ८ च्या आसपास गेले. ते याहूनही वाढले असे धरले, तरी मोटार नसणारांचीच संख्या फार मोठी आहे. मग शहराचा नकाशा काढताना पहिली रेघ मोटारीसाठी, दुसरी मोटार उभी करण्यासाठी, आणि उरलासुरला चिंधीएवढा तुकडा पायी चालणारासाठी, तोही विजेच्या खांबांनी आणि फलकांनी अडविलेला, हा क्रम कोणी ठरविला ? आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण अशाच कारभारासाठी झाली असावी.

नागपुरात मोठी कामे झाली नाहीत असे आम्ही म्हणत नाही. वर्धा मार्गावर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची दुमजली बांधणी झाली आणि तिची जगाच्या विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. कामठी मार्गावर तसाच सुमारे साडेपाच किलोमीटरांचा दुमजली पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. मेट्रोचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी रुपये होता. मेट्रो ही सर्वांनी बसावयाची गाडी आहे, सबब तिला आमचा विरोध नाही. उलट मोटारीच्या पुलापेक्षा ती शतपटीने बरी. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या टप्प्यास ६,७०८ कोटी रुपये मंजूर झाले, त्यातील चार वाटा कोणत्या ? एक बुटीबोरीकडे, एक कन्हानकडे, एक हिंगण्याकडे आणि एक ट्रान्सपोर्टनगरकडे. कोराडी आणि खापरखेडा ही वीज देणारी गावे त्या चौघांत नाहीत. ज्याने दिवा लावला त्याच्याच दारी अंधार !

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक गावास मेट्रो कोठून द्यावी ? आम्ही मेट्रो मागतही नाही. आमच्या गावातून रूळ गेलेलेच आहेत, त्यांचा हिशेब आम्ही मागतो. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून इतवारीहून छिंदवाड्यास अरुंद रुळाची गाडी जात असे. कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद या बाजूच्या रयतेची ती हक्काची गाडी होती. ती हळू चाले, म्हणून शहरी लोक तिला हसत. पण तिच्यात भाजीची टोपली चढे, दुधाचा डबा चढे, शाळेचा मुलगा चढे. २०१५ साली ती रुंद रुळासाठी बंद झाली. रुळांचे काम सहा-सात वर्षे चालले आणि २०२२ साली इतवारी-छिंदवाडा गाडी पुन्हा सुरू झाली. आता रूळ रुंद झाले, वेग वाढला, वीज आली. पण शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या वेळेस उपयोगी पडतील अशा गाड्या किती वाढल्या, ते त्या बाजूच्या प्रवाशासच विचारावे. कोट्यवधी रुपयांचे रूळ घालून त्यांच्यावरून दिवसाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या प्रवासी गाड्या सोडणे, म्हणजे विहीर खणून तीवर मोट न बांधणे होय. नवी जमीन घ्यावयास नको, नवा पूल बांधावयास नको. इतवारी ते सावनेर-केळवद या टप्प्यात सकाळ-संध्याकाळ लहान विजेच्या गाड्या वारंवार सोडल्या, तर हजारो माणसांची धूळ एका दिवसात झडेल.

बस आणि आगगाडी यांची अशी उपेक्षा झाल्यावर गरीब मनुष्य करतो काय ? तो फटफटी घेतो. हौसेने नव्हे, कर्जाने. कारखान्याची पाळी चुकली तर दिवस बुडतो, मालकाकडे दोनदा उशीर झाला तर काम बुडते; सबब तो हप्त्यावर गाडी घेतो आणि पगारातला मोठा घास दर महिन्यास हप्त्यास, पेट्रोलास आणि दुरुस्तीस देतो. हे बघून शहरातले पंडित म्हणतात की, लोकांनाच स्वतःची गाडी आवडते ! ज्याच्या विहिरीत पाणी नाही तो टँकरचे पाणी विकत घेतो, म्हणून त्यास टँकर आवडतो असे म्हणावे काय ? ही आवड नव्हे, ही सक्ती आहे. आणि ही सक्ती सावकाराच्या फायद्याची आहे. पूर्वी शेटजी बैलासाठी कर्ज देई, आता फायनान्सवाला फटफटीसाठी देतो. पाटी बदलली, व्याज कायम आहे.

पैशाचा हिशेब एक वेळ सोसेल, पण जिवाचा ? केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी शंभरात ४४ हून अधिक दुचाकीवरची होती आणि १९ हून अधिक पायी चालणारी होती. मोटारीत बसलेली शंभरात १२ च्या आसपास होती. म्हणजे ज्यांच्यासाठी रस्ता रुंद केला ते कमी मरतात, आणि ज्यांची आठवण रस्ता आखताना कोणास झाली नाही त्यांच्याच तिरड्या जास्त उठतात. पाळी संपवून झोपाळलेल्या डोळ्यांनी कोळशाच्या ट्रकांमधून वाट काढीत घरी येणारा कामगार, आणि शाळेतून कडेकडेने चालत येणारी मुलगी, यांचे जीव ट्रकचालकाच्या ब्रेकवर टांगलेले असतात. अपघात झाला की खापर कोणाच्या डोक्यावर फुटते ? हेल्मेट न घातलेल्याच्या, आडवे आलेल्याच्या, ट्रकचालकाच्या. हेल्मेट घालावेच, नियम पाळावेच. पण ज्या रस्त्यास पायवाट ठेवलीच नाही त्या रस्त्याच्या आखणाऱ्यावर एक तडासुद्धा जात नाही. खापरखेड्याच्या नशिबी नावातले खापर आहेच, वर हे दुसरे !

१९२३ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो पसार झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची, धर्मशाळेची, शाळेची आणि दवाखान्याची ठिकाणे अस्पृश्यांस मोकळी असावीत, हे त्याचे सार. याच ठरावाच्या आधारावर पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तिकडे त्रावणकोरात १९२४ साली वायकोमच्या देवळाभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी लोकांनी महिनेच्या महिने सत्याग्रह केला. त्या लढ्यांचे तत्त्व एका ओळीत सांगावयाचे तर असे : जे सर्वांच्या पैशाने झाले ते सर्वांस खुले पाहिजे.

आता या तत्त्वाने आजचे रस्ते तोलून पाहावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. दहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तो बांधला आणि जून २०२५ मध्ये तो शेवटपर्यंत खुला झाला. त्याच्यावर दुचाकीस मज्जाव, रिक्षास मज्जाव, ट्रॅक्टरास मज्जाव ! मुंबईचा सागरी किनारा रस्ता हजारो कोटी रुपये खर्चून झाला. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. त्याच्यावरही दुचाकीस बंदी. वेग फार असतो, म्हणून सुरक्षिततेसाठी ही बंदी आहे, असे कारण सांगतात. आणि ते कारण खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. भरधाव मोटारींत फटफटी घालणे म्हणजे मरण. पण मग ज्याची जमीन गेली त्या दुचाकीवाल्यास त्याच रस्त्यावरून नेणारी स्वस्त बस दर तासास सोडण्याचे काम रस्त्याबरोबरच का झाले नाही ? बंदी करताना गरिबाच्या जिवाची आठवण होते आणि सोय करताना होत नाही. जुने सोवळे जन्मावरून माणसास दूर ठेवी. हे नवे सोवळे चाकांच्या संख्येवरून दूर ठेवते. दोन चाकांचा बाहेर, चार चाकांचा आत !

बसचा विषय काढला की ठरलेले उत्तर येते : बस तोट्यात चालते. आम्ही विचारतो, उड्डाणपूल नफ्यात चालतो काय ? शहरातल्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्या मोटारीकडून कोणी तिकीट घेत नाही; बांधण्यास पैसा लागला, डागडुजीस लागतो, दिव्यांस लागतो, आणि तो सर्व तिजोरीतून जातो. त्यास नाव ‘विकास’. तोच पैसा बसवर गेला की त्यास नाव ‘तोटा’. एका बसच्या जागेत फार तर तीन मोटारी मावतात, आणि त्या तिघींत मिळून बहुधा पाच-सहा माणसे असतात, बसमध्ये चाळीस-पन्नास. अरुंद रस्त्यावर कोणास पुढे काढावे, हे समजावयास विलायतेची पदवी लागत नाही. बैलगाडी हाकणारासही ते कळते.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास धावली. पुढे तिने खेड्यापाड्यांतील बहुजन समाजाच्या किती मुलांस शाळा-कॉलेजाच्या दारापर्यंत नेले, याची गणती नाही. आमच्या समाजातील कित्येक मास्तर, तलाठी, डॉक्टर हे एस.टी.च्या पासावर शिकलेले आहेत. त्याच एस.टी.कडे कोविडच्या साथीपूर्वी १८,००० च्या घरात गाड्या होत्या. ती साथ आणि २०२१-२२ चा लांबलेला संप यांनंतर त्या १५,००० च्या आसपास आल्या. मार्च २०२३ पासून बायकांस अर्धे तिकीट झाले, तेव्हा थांब्याथांब्यावर बायकांची रीघ लागली. गरीब बाई घराबाहेर पडावयास तयार आहे, तिला फक्त परवडणारी गाडी हवी, हे त्यावरून सिद्ध झाले. शाळेच्या मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट आहे, हेही चांगले. पण शाळेच्या वेळेस बसच आली नाही तर तो पास काय चाटावयाचा ? मुलीची बस दोन वेळा चुकली की बाप म्हणतो, पुरे झाले शिक्षण. बस बंद होणे म्हणजे कागदावर एक फेरी कमी होणे, असे साहेबास वाटते; खेड्यात त्याच फेरीबरोबर एका मुलीची विद्या बंद झालेली असते.

मुंबईतही हेच दिसले. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपये केले, तेव्हा प्रवासी वाढले. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले, आणि बेस्टच्या स्वतःच्या गाड्या तर वर्षानुवर्षे कमी होत आलेल्या आहेत. भाडे वाढवावयाचे, गाड्या घटवावयाच्या, आणि प्रवासी कमी झाले म्हणून आणखी गाड्या घटवावयाच्या. हा धंदा म्हणजे गाईस चारा न घालता ती दूध देत नाही म्हणून कसाबास देण्यासारखा आहे.

दुसरे एक औषध हल्ली सांगितले जाते : विजेची मोटार. ती आली की धूर जाईल, मग चिंता नको. या औषधाविषयी खापरखेड्याने दोन शब्द बोलावयास पाहिजेत, कारण ज्याचे जळते त्याला कळते. विजेच्या मोटारीस शेपटीशी धुराडे नसते, हे खरे. पण तिची वीज जोवर कोळशावर निघते तोवर तिचे धुराडे खापरखेड्यात आणि कोराडीत उभे असते. नागपूरची हवा सुधारली आणि राख आमच्या पिकावर पडली, तर देशाचे काय कल्याण झाले ? शिवाय विजेची मोटार रस्त्यावर जुन्या मोटारीइतकीच जागा अडविते. विजेच्या बसलाही वीज लागतेच, पण तेवढ्या विजेत चाळीस माणसे जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातील शहरांसाठी १०,००० विजेच्या बसांची योजना मंजूर केली. योजना चांगली आहे. परंतु एवढ्या मोठ्या देशास दहा हजार बसा म्हणजे हत्तीच्या तोंडी जिरे, आणि त्यातील एखादे जिरे तरी शहराची वेस ओलांडून खेड्यास मिळावे, ही आमची मागणी आहे.

हे सर्व स्वप्नातले बोलणे आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी जगाकडे पाहावे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाची बोगोटा ही राजधानी. आपल्यासारखीच गरिबी, आपल्यासारखीच गर्दी. तेथे पेन्यालोसा नावाच्या नगराध्यक्षाने १९९८ पासून तीन वर्षांत काय केले ? गरिबांच्या वस्त्यांत मोटारीचा रस्ता चिखलाचाच राहू दिला आणि पायी व सायकलीने जाणाऱ्यांची वाट आधी फरसबंद केली ! लोकांनी कारण विचारले तेव्हा उत्तर साधे होते : येथे मोटारी किती, आणि पाय किती ? २००० सालच्या अखेरीस तेथे बसांसाठी स्वतंत्र वाट राखून ट्रान्समिलेनियो नावाची सेवा सुरू झाली. सिंगापुराने १९७५ सालापासूनच शहराच्या मध्यात शिरणाऱ्या मोटारीवर पट्टी बसविली. लंडनने २००३ साली तसेच केले, आणि त्या उत्पन्नाचा मोठा भाग बससेवेवर खर्च केला. या नगरांस मोटारींचा द्वेष नव्हता. जो जागा अडवितो त्याने जागेचे भाडे भरावे, एवढीच अक्कल होती. आमच्या सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलवावीत हेच तत्त्व मांडलेले आहे. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्यास पदपथ असणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. म्हणजे तत्त्व आहे, निकाल आहे. फक्त पदपथ नाही.

आता आमच्या मागण्या. पहिली : नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत सातशेहून अधिक गावे घेतलेली आहेत. घर बांधावयाचे तर त्याची परवानगी आणि शुल्क; मग बसचे नाव काढले की हद्द आडवी का येते ? महानगरपालिकेची ‘आपली बस’, एस.टी., मेट्रो आणि रेल्वे या चारही बहिणींचे एक मंडळ करावे, एक तिकीट करावे, आणि त्या मंडळात या गावांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. दुसरी : खापरखेडा-कोराडी-बर्डी आणि खापरखेडा-कामठी या वाटांवर कारखान्यांच्या पाळ्यांची आणि शाळांची वेळ धरून, पहाटेपासून रात्रीपर्यंत नेमाची बस असावी, आणि तिच्यात भाजीच्या टोपलीस, दुधाच्या डब्यास व कारागिराच्या हत्यारांच्या पेटीस जागा असावी. तिसरी : इतवारी-सावनेर टप्प्यात वारंवार लहान गाड्या सोडाव्यात. चौथी : कोळशाच्या आणि राखेच्या ट्रकांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस उंच कठड्याची पायवाट व सायकलवाट आधी बांधावी, डांबर मागाहून. पाचवी : नागपुरात मोटार उभी करण्याच्या जागेचे योग्य भाडे घ्यावे आणि ते सर्व बसवर खर्च करावे. या पाचांत एकही मागणी अशी नाही की जिला उड्डाणपुलाइतका पैसा लागेल.

सरकारास सांगून झाले. आता दोन शब्द आमच्याच समाजास. निवडणुकीपूर्वी आमचे पुढारी आमच्यासारखेच बसने येतात, आणि निवडून आले की काळ्या काचेच्या मोटारीतून धूळ उडवीत जातात. ती धूळ अंगावर घेऊन आम्हीच त्यांस हार घालतो. ज्याने वर्षानुवर्षे बसथांबा पाहिला नाही, त्यास बस आली नाही हे कसे कळावे ? लग्नात नवरदेवाच्या बापाने फटफटी मागावी, त्याहून मोठ्याने मोटार मागावी, आणि मुलीच्या बापाने शेत गहाण टाकून ती द्यावी, हा मूर्खपणा आमच्याच घरांत चालतो. मोटार ही मोठेपणाची खूण मानून आम्ही तिच्यापुढे मान वाकविली, म्हणून नकाशे काढणारांचेही फावले. गरजेस वाहन घ्यावे. आजाऱ्यास, म्हाताऱ्यास, मालास ते लागते, त्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण दारात उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेटीवरून माणसाची किंमत ठरविणे, हे जानव्यावरून किंमत ठरविण्याइतकेच खोटे आहे.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, माताभगिनींनो ! २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. त्या सभेस बहुतेक लोक जात नाहीत, आणि मग ठराव कोणीतरी घरी बसून लिहितो. यंदा तसे होऊ देऊ नका. खापरखेडा, चिचोली, चनकापूर, सिल्लेवाडा, वलनी, दहेगाव, पाटणसावंगी या गावांनी आपापल्या ग्रामसभेत बसचा, पायवाटेचा आणि रेल्वेच्या फेऱ्यांचा ठराव करावा. बायकांनी पुढे बसावे, कारण बस चुकल्याचे दुःख त्यांस अधिक ठाऊक आहे. किती माणसे रोज नागपुरास जातात, किती वाजता जातात, किती खर्च होतो, याची यादी शाळेतल्या मुलांकडून तयार करवावी आणि ती ठरावास जोडावी. कारण तोंडी रडण्यास साहेब भीत नाही, आकड्यास भितो. मग मते मागावयास जो येईल त्याच्यापुढे ती यादी ठेवावी आणि सांगावे : बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. आणि त्या दिवशी त्याने मोटार गावाबाहेर ठेवून, काळीपिवळीत बसून सभेस यावे, एवढी एक अट आधीच घालावी.